खिशातल्या विजेरीची पारख

शब्दकोशात ‘विजेरी’ हा नेटका शब्द असूनही मराठी माणसाच्या तोंडी ती ‘बॅटरी’च राहिली. ‘दोन सेलची बॅटरी’ हा प्रयोग पंतोजींना खटकेल. पण दिव्यापेक्षा त्याच्या पोटातल्या सेलांवर सारे अवलंबून आहे, हे व्यवहारज्ञान त्या नावात आहे. अमेरिकेने याच वस्तूला ‘फ्लॅशलाइट’ म्हटले, म्हणजे क्षणभर लखलखणारा दिवा. त्या नावात तर वस्तूचे मूळ वैगुण्यच नोंदले गेले आहे.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला १० जानेवारी १८९९ रोजी या दिव्याचे पेटंट मिळाले. एका नळीत एकामागे एक ठेवलेले कोरडे सेल, पुढे बल्ब आणि परावर्तक ही त्याची रचना आजही फारशी बदललेली नाही. कार्ल गासनरने १८८६ साली कोरड्या सेलचे पेटंट घेतले नसते, तर द्रव सांडणारी विद्युतघटाची बरणी खिशात घालणे कोणालाच शक्य नव्हते. तरीही तो सेल दुबळा होता आणि बल्बातली कार्बनची तार खादाड. दिवा क्षणभर लावायचा आणि सेलला विसावा द्यायचा, अशी रीत पडली. उद्योजक कॉनराड ह्यूबर्टने काही नग न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट दिले आणि त्यांची प्रशस्तिपत्रे जाहिरातीत वापरली. १९१०च्या सुमारास टंगस्टनची तार आली आणि दिवा सलग जळू लागला. नाव मात्र लखलखाटाचेच राहिले.

आपल्याकडे नावांचा प्रवास याहून गंभीर आहे. घरोघरच्या बॅटरीत पडणारे एव्हरेडीचे सेल पुढे युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचे झाले. याच कंपनीच्या भोपाळमधील कीटकनाशक कारखान्यातून १९८४ साली, २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री, विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. १९९४ साली मूळ अमेरिकी कंपनीने आपला हिस्सा कोलकात्याच्या मॅक्लिऑड रसेलला विकला. त्यानंतर युनियन कार्बाइड हे नाव पुसले गेले आणि एव्हरेडी हे नाव उरले. स्वस्त वस्तूची किंमत करताना वेष्टनावरच्या आकड्याबाहेरचे असे काही हिशेबात धरायचे की नाही, हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही.

निळ्या एलईडीच्या संशोधनातून १९९०च्या दशकात पांढरा एलईडी आला (त्या संशोधनाला २०१४चे नोबेल मिळाले) आणि विजेरी पुन्हा बदलली. २००३च्या नोकिया ११०० फोनने ती लाखोंच्या खिशात नेऊन ठेवली. आज अगदी स्वस्त विजेरीच्या खोक्यावरही ल्यूमेन आणि मीटर यांचे मोठमोठे आकडे असतात. त्यांना शिस्त लावण्यासाठी अमेरिकेत २००९ साली एक मानक ठरले. विजेरीचा पल्ला म्हणजे जिथे तिचा उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचे अंतर. साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड! मोजमापाच्या रुक्ष कागदात चंद्र असा अवचित भेटावा, याचे आम्हाला अप्रूप वाटते. पण या व्याख्येत एक पळवाटही आहे. सगळा उजेड एका अरुंद झोतात कोंबला की पल्ला वाढतो आणि बाजूला काळोख राहतो. जळण्याचा काळही उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंत मोजतात; म्हणजे ‘पाच तास’ या शब्दांत सुरुवातीच्या काही मिनिटांतली मोठी घसरणही बसू शकते.

विजेरीचा रोजचा वापर म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे उसाला दारे धरणारा शेतकरी येतो. महाराष्ट्रात कृषिपंपांना काही दिवस रात्रीच वीज देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालली. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली गेली ती दिवसा वीज मिळावी म्हणूनच. रात्री बांधावरून चालताना मण्यार किंवा घोणस असते ती पायापाशी, दोनशे मीटरवर नव्हे. त्याला हवा पसरट, मवाळ आणि पाणी पाजून होईपर्यंत टिकणारा उजेड. या कसोटीवर भिंगाच्या झोताची, झूमवाली स्वस्त विजेरी आमच्या मते नापास होते. शिशाच्या बॅटरीची, चार्ज करायची विजेरी घरात बरी; पण महिनोन्महिने पडून राहिली की तिची बॅटरी मरते. एका साध्या पेन्सिल सेलवर चालणारी, मंद उजेडाची सोय असलेली विजेरी आम्ही पसंत करू, कारण तो सेल गावातल्या वाण्याकडेही मिळतो. तो स्वस्तातला असेल तर वापर नसताना काढून ठेवावा. त्याचा जस्ताचा डबा हाच सेलचा एक ध्रुव असतो; तो झिजत जातो आणि आतला क्षार बाहेर येऊन स्प्रिंग खातो.

दुकानदार विजेरी दाखवताना झोत नेहमी रस्त्यापलीकडच्या इमारतीवर टाकतो. तिचा उजेड पायांजवळच्या फरशीवर पाडून दहा मिनिटे तसाच ठेवायला सांगावे. याला खुशीने तयार होणारा दुकानदार आम्हाला अद्याप भेटलेला नाही.