साठीनंतरचं धनुष्य

१९११च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेर, खाटिकखान्याच्या आवारात, उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात नेलं आणि ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. खरं नाव त्याने अखेरपर्यंत सांगितलं नाही. अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीची कथा हमखास इशीपासून सुरू होते, पण तेव्हा तो पन्नाशीच्या आसपास होता हे सांगायचं राहून जातं. या छंदाचा आद्य गुरू तरुण नव्हता.

त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे शिष्य झाले. इशीचं धनुष्य जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर हरणाच्या स्नायुबंधांच्या तंतूंचा थर चढवलेलं, जेमतेम साडेतीन फुटी. ओढायला चाळीसेक पौंड जोर पुरे. त्याचा भरवसा जोरावर नव्हताच. ओठ बोटांवर दाबून तो सशाच्या पिल्लासारखी किंचाळी काढी आणि सावज आपल्या पायांनी जवळ येईपर्यंत थांबे. हरणाच्या शिकारीआधी मासे आणि तंबाखू बंद. पहाटे ओढ्यात अंघोळ, मग अंगाला सुगंधी पाला चोळायचा, म्हणजे माणसाचा वास वाऱ्यावर जाणार नाही. १९१६मध्ये क्षयाने तो गेला.

पोप आणि त्यांचे मित्र आर्ट यंग यांनी मात्र दुसरीच वाट धरली. इंग्रजी घाटाचं लांब धनुष्य, तेही ७५ पौंडांच्या घरातलं. १९२०मध्ये यलोस्टोनमध्ये त्यांनी एका संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वलं मारली, १९२५मध्ये सिंहांसाठी आफ्रिका गाठली. पोप यांचं १९२३चं पुस्तक नवशिक्यांची पोथी झालं आणि जड धनुष्य म्हणजेच खरं धनुष्य, ही समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली.

ही समजूत सर्वांत आधी खांद्याला महागात पडते. साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे जाते तितका ताण वाढतो, आणि नेम धरायच्या क्षणी तो सर्वांत जास्त असतो. समोर हरीण उभं असेल तर हात हलवायचीही चोरी. ते मान वळवून पुन्हा चरायला लागेपर्यंत ओढलेली दोरी तशीच धरून ठेवायची. पंचविशीत हे जमून जातं. साठीत दंड थरथरायला लागतो, आणि सांध्याभोवतीचे झिजलेले स्नायुबंध रात्री झोपू देत नाहीत. भरीला चाळिशीचा चष्मा: हातभर अंतरावरची नेमाची टाचणी स्पष्ट दिसावी की वीस यार्डांवरचं हरीण, असा डोळ्यांपुढे पेच.

याला अपवाद म्हणून सगळे फ्रेड बेअरकडे बोट दाखवतात. १९०२चा जन्म. आर्ट यंगचा अलास्कातला चित्रपट पाहून त्याला हे वेड लागलं, आणि पुढे त्याने मिशिगनमध्ये धनुष्यांचा कारखानाच काढला. ध्रुवीय अस्वल त्याला बाणाने मिळालं ते १९६६मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. दोरी चेहऱ्याला टेकते न टेकते तोच बाण सोडायची त्याची पद्धत. ताण धरून ठेवायचा प्रश्नच नाही. खांदा त्यामुळेच टिकला, असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण तर्क चुकीचा वाटत नाही.

योगायोग असा की त्याच १९६६मध्ये मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने पेटंटसाठी अर्ज केला. त्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना केंद्राबाहेर आस असलेल्या कप्प्या बसवल्या होत्या. पेटंट १९६९मध्ये मिळालं. या ‘कंपाउंड’ धनुष्यात ताण ओढताना मध्येच कळसाला पोचतो आणि मग एकदम उतरतो. सुरुवातीला तो जवळपास निम्म्यावर येई. आज ८० टक्क्यांची सूट सर्रास मिळते. म्हणजे ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात बारा पौंड उरतात. शिवाय पाना फिरवून मूळ जोरही कमी करता येतो.

जुन्यांनी नाकं मुरडलीच. मोठ्या सावजांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पोप अँड यंग क्लब’ने १९६१पासून आपली वही सांभाळली होती. ६५ टक्क्यांहून जास्त सूट देणारं धनुष्य त्यांना चालत नसे. २००४पासून चालू लागलं, पण नावापुढे चांदणी लावून.

खरा तंटा क्रॉसबोचा. यात दोरी यंत्राने किंवा दोन्ही हातांनी चढवून अडकवायची. मग तासभर बसलात तरी खांद्याला तोशीस नाही, फक्त घोडा दाबायचा. विस्कॉन्सिनने १९३४मध्ये देशातला पहिला खास धनुष्याचा हरीण-हंगाम सुरू केला, आणि तिथेच क्रॉसबो बराच काळ फक्त अपंगांसाठी आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी राखीव होता. चौसष्टीतला माणूस खांदा चोळत धनुष्य ओढणार आणि शेजारचा पासष्टीचा आरामात मचाणावर बसणार, असा तो प्रकार. २०१४मध्ये क्रॉसबोचा वेगळा हंगाम सुरू होऊन तो सर्वांना खुला झाला, आणि काही वर्षांतच त्याने टिपलेल्या हरणांचा आकडा धनुष्याच्या पुढे गेला.

क्रॉसबो खुला करणाऱ्या राज्यांचं हे औदार्य निव्वळ वृद्धांच्या कळवळ्यापोटी नव्हतं. परवान्याचे पैसे वन्यजीव खात्यांना मिळतात, आणि १९७२च्या कायद्याने तिरंदाजीच्या सामानावर लावलेल्या ११ टक्के कराचा वाटाही तिथेच येतो. शिकारी घटत होते. २०१६च्या पाहणीत देशभरात सव्वा कोटीही भरले नाहीत. हरणं मात्र शेतांत आणि रस्त्यांवर उतरत होती. अशा वेळी मचाण सोडून घरी बसणारा प्रत्येक म्हातारा खात्याला परवडणारा नव्हता.

पोप अँड यंग क्लबच्या वहीत क्रॉसबोने मिळवलेल्या सावजाला आजही जागा नाही. ज्यांच्या नावाने क्लब चालतो त्यांपैकी पोप पन्नासाव्या वर्षी गेले आणि यंग एक्कावन्नाव्या.