मोठ्यांनी मागितलेले पुराण : साष्टीच्या चर्चमधील ‘ख्रिस्तपुराणा’ची कथा

१/१४
गोव्याच्या साष्टी प्रांतातील एक चर्च. पाद्री लहान मुलांना ‘दोतोर्न’, म्हणजे ख्रिस्ती धर्मतत्त्वे, शिकवीत आहेत. तेवढ्यात एक ब्राह्मण पुढे होऊन विचारतो : ही शिकवण चांगलीच आहे; पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही निषिद्ध ठरविली, तर त्यांच्या जागी वाचण्याजोगे दुसरे पुराण आम्हांला का देत नाही?

२/१४
हा प्रसंग ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी येतो. श्रोत्याने प्रश्न विचारावा आणि त्यातून कथा उलगडावी, ही पुराणांची जुनीच रीत. त्यामुळे या संवादात कवीची योजना आहे हे उघड आहे. तरीही त्यामागील गरज खरी होती. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रौढ माणसाने आयुष्यभर वाचावे काय आणि ऐकावे काय?

३/१४
ही गरज निर्माण कशी झाली, हे विसरता येत नाही. साष्टी आणि बारदेश १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये साष्टीतील मंदिरे पाडण्यात आली. देशी भाषांतील धर्मग्रंथ बाळगणे धोक्याचे झाले. ज्या पोथ्यांवर पिढ्या वाढल्या, त्या घराघरांतून नाहीशा झाल्या.

४/१४
नव्या धर्मात त्यांच्या जागी काय मिळाले? मिस्सा लॅटिन भाषेत होत असे; ती सामान्यांना कळत नसे. मुलांसाठी प्रश्नोत्तरे होती, ती पाठ करता येत. परंतु कीर्तन-पुराण ऐकत वाढलेल्या प्रौढाला पाठांतर पुरणारे नव्हते. त्याला कथा हवी होती, ओवी हवी होती, चारचौघांत बसून ऐकण्याचा आनंद हवा होता.

५/१४
ही उणीव ओळखणारा माणूस इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स, इंग्लंडच्या विल्टशायरमधला. १५७५ मध्ये रोम येथे तो जेझुइट संघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये लिस्बनहून गोव्यास पोहोचला. पुढची सुमारे ४० वर्षे त्याने गोव्यात, मुख्यत्वे साष्टीतच, काढली. मराठी वाचक त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतात.

६/१४
त्याचे साष्टी शांत नव्हते. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. पोर्तुगीजांनी सूड उगवला आणि गावच्या प्रमुखांचे प्राण घेतले. मृत सहकाऱ्यांचे देह परत आणण्याचे काम स्टीफन्सच्या वाट्याला आले. सत्तेच्या बळावर उभा राहिलेला धर्म लोकांच्या मनात कितपत उतरला आहे, हा प्रश्न त्याच्यासमोर असा रक्ताळलेला उभा होता.

७/१४
त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांशी जुळते, असे नोंदविले. भाषा त्याने केवळ कामापुरती शिकली नाही. कोकणीचे व्याकरण त्याने रचले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये छापले गेले. कोकणीतील त्याची ‘दौत्रिन’ही मरणोत्तर, १६२२ मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाली.

८/१४
येथे एक विभागणी दिसते. प्रश्नोत्तरांची ‘दौत्रिन’ बोलीतल्या कोकणीत. मोठ्यांचे पुराण मात्र मराठीत. कारण साष्टीतील लोक घरी कोकणी बोलत असले, तरी धर्मकथेची आणि काव्याची भाषा त्यांच्या लेखी मराठी होती. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी हाच गंभीर विषयाचा परिचित सूर होता.

९/१४
मात्र शुद्ध, अवघड मराठी सर्वांना कळणार नाही, हेही त्याने जाणले. प्रस्तावनेत तो सांगतो की, जुन्या कवींचे कठीण शब्द त्याने टाळले आणि जागोजागी सोपे, तेथील बोलीतले शब्द मिसळले. हेतू एकच : पुराणाचे फळ पुष्कळांना लाभावे. प्रौढशिक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

१०/१४
ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. सुमारे ११ हजार ओव्या, दोन भाग. ‘पहिले पुराण’ जुन्या करारावर, ३६ ‘अवस्वरूं’चे, ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्रावर, ५९ अवस्वरूंचे. स्वर्गासाठी त्यात ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. श्रोत्याच्या मनातील जुन्या शब्दाला नवा अर्थ देण्याची ही पद्धत संपूर्ण काव्यात आढळते.

११/१४
छपाईची मात्र अडचण होती. १६०८ मध्ये त्याने संघाच्या रोममधील प्रमुखांना लिहिले : देशी लिपीत पुस्तके छापावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे, परंतु युरोपात २४ अक्षरांवर भागते, येथे सुमारे ६०० साचे ओतावे लागतील. ती इच्छा पुरी झाली नाही. मराठीचे हे महाकाव्य रोमन लिपीत छापले गेले.

१२/१४
रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सेनंतर चर्चमध्ये या पुराणाचे वाचन होऊ लागले. वाचणारा एक, ऐकणारे अनेक. निरक्षर शेतकऱ्यालाही त्यात स्थान होते. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. पण १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने १६२९ मध्ये संत पीटरवर असेच मराठी पुराण प्रसिद्ध केले.

१३/१४
मग वारे फिरले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले : लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या सत्तेने जुन्या पोथ्या हिरावल्या, तिनेच आता नव्या पोथीची भाषाही नाकारली. १६५४ नंतर ग्रंथ छापला गेला तो थेट १९०७ मध्ये, मंगळूर येथे, जोसेफ सालढाणा यांच्या संपादनाखाली. मध्ये २५३ वर्षे गेली.

१४/१४
त्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुराण टिकले ते हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कानडा किनाऱ्यावर स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते नकलून घेतले, वाचले, जपले. सालढाणांनी अशाच प्रतींचा आधार घेतला. पुढे लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आज सर्वधर्मीय मराठी वाचक प्रेमाने उद्धृत करतात. फर्मानाने लादलेले पुष्कळसे विरून गेले. मोठ्या माणसांनी मागून घेतलेले, त्यांच्याच सुरात त्यांना मिळालेले पुराण मात्र त्यांनी हाताने लिहून पुढच्या पिढ्यांच्या स्वाधीन केले.