कानवायलर या चित्रव्यापाऱ्याचें दप्तर

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारांस एक अनुभव वारंवार येतो. रुमाल सोडून त्यांतले चार कागद एकानें नेले व चार दुसऱ्यानें नेले, म्हणजे कागद शाबूत राहूनहि दप्तर नाहींसें होतें. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, हें सांगणारें कांहीं उरत नाहीं. चित्रसंग्रहाच्या बाबतींत हाच प्रकार पॅरिस शहरीं घडला. त्याची हकीकत आमच्या संग्राहकांसहि बोधप्रद वाटल्यावरून येथें संक्षेपानें देतों.

दानिएल-हेन्री कानवायलर हा सन १८८४ त जर्मनींतील मानहाइम येथें जन्मला. पेढीच्या धंद्याचें शिक्षण घेण्याकरितां तो सन १९०२ त पॅरिसला आला. पण तेथें त्यास चित्रांचा नाद लागला. नातलगांकडून भांडवल घेऊन सन १९०७ त त्यानें व्हिन्यों रस्त्यावर २८ क्रमांकाच्या घरांत दुकान मांडलें. जागा सुमारें चार मीटर लांब व तितकीच रुंद. पूर्वीं तेथें शिंप्याचें दुकान होतें. त्याच्याकडील चित्रकारांपैकीं पिकासो व हुआन ग्रिस हे स्पेनचे, व्हान डोंगेन हा हॉलंडचा, आणि ब्राक, दरें, व्लामिंक व लेजे हे फ्रान्सचे. स्वतः परका असलेला हा व्यापारी परक्यांचीं व उपेक्षितांचीं चित्रें विकीत असे. सन १९०८ च्या नोव्हेंबरांत त्यानें ब्राकचीं चित्रें मांडलीं, तेव्हां व्होसेल नामक टीकाकारानें त्यांतील घनाकृतींची टर उडविली. त्या थट्टेवरूनच पुढें या पंथास ‘क्यूबिझम’ हें नांव रूढ झालें.

कानवायलरच्या व्यवहाराचा विशेष असा कीं, तो चित्रकाराशीं लेखी करार करी. पिकासोनें १८ डिसेंबर १९१२ रोजीं त्यास पत्ररूपानें तीन वर्षांचा करार लिहून दिला. चित्रें यालाच विकावीं, किंमत पटाच्या आकारमानावर ठरावी, वर्षास पांच चित्रें चित्रकारानें स्वतःकडे ठेवावीं, अशीं त्यांतील कलमें होतीं. आमच्या करारनाम्यांशीं परिचय असणारांस हा मजकूर मुळींच परका वाटणार नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, आलेल्या चित्राचें तो छायाचित्र घेववी, त्यास क्रमांक देई, आणि चित्राच्या पाठीवर चिठ्ठी डकवी. त्या काळीं पिकासो व ब्राक हे चित्राच्या दर्शनी भागावर बहुधा सही करीत नसत. केलीच तर पाठीवर करीत. शिवाय सन १९१०–१२ च्या सुमारास दोघांची शैली इतकी जवळ आली होती कीं, नुसत्या नजरेनें कर्ता ओळखणें जाणत्यासहि अवघड जाई. अशा चित्रास पाठीवरील चिठ्ठी हाच मोठा साक्षीदार होय.

सन १९१४ त महायुद्ध पेटलें त्या वेळीं कानवायलर इटलींत होता. तेथून तो स्वित्झर्लंडांत बर्न येथें जाऊन राहिला. तो जर्मन प्रजाजन असल्यामुळें त्याचा सर्व माल शत्रूची मालमत्ता म्हणून फ्रेंच सरकारनें त्या वर्षाच्या डिसेंबरांत जप्त केला. युद्ध संपल्यावर सन १९२० त तो परतला, व भागीदार सिमों याच्या नांवानें त्यानें नवें दुकान काढलें. परंतु जुना माल परत मिळाला नाहीं. द्रुओ लिलावगृहांत १३–१४ जून १९२१, १७–१८ नोव्हेंबर १९२१, ४ जुलै १९२२ व ७–८ मे १९२३ असे चार वेळां लिलाव पुकारले गेले. शेंकडों चित्रें एकदम बाजारांत आल्यानें भाव कोसळले. लिलावाचा तज्ज्ञ लेओंस रोझेनबेर्ग हा स्वतः याच चित्रांचा व्यापारी होता. संतापलेल्या ब्राकनें पहिल्या लिलावाच्या वेळीं त्याच्यावर हात टाकला. पिकासोनें सन १९१० त काढलेलें खुद्द कानवायलरचें चित्रहि या लिलावांत गेलें. तें ग्रुनेवाल्ड या स्वीडिश चित्रकारानें घेतलें, व सन १९४८ त तें शिकागोच्या संग्रहालयास देणगीरूपानें मिळालें.

लिलावाच्या याद्यांवरून हा संग्रह पुन्हा जुळविणें कठीण होतें. कारण ‘स्थिरचित्र’ एवढ्याच नांवाचीं चित्रें कितीतरी होतीं. चिठ्ठ्या, क्रमांक व छायाचित्रें यांच्या आधारें मात्र जगभर विखुरलेल्या कित्येक चित्रांचा मागोवा पुढील अभ्यासकांस घेतां आला. कानवायलर हा यहुदी असल्यामुळें सन १९४१ त त्याच्या दुकानावर दुसऱ्यांदा जप्तीचें संकट आलें. त्या वेळीं सावत्र कन्या लुईझ लेरिस हिनें तें स्वतःच्या नांवें विकत घेऊन वांचविलें. तो सन १९७९ त वारला. लेरिस दांपत्याच्या संग्रहांतील चित्रें सन १९८४ त पॅरिसच्या पोंपिदू केंद्रास अर्पण झालीं.

सरकारनें माल विकला, पण मालाची ओळख त्यास विकतां आली नाहीं. कारण ती आधींच लिहून ठेवलेली होती. आमच्याकडे घरोघरचे रुमाल आजहि फुटतात व पोथ्या सुट्या पानांनीं विकल्या जातात. म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं, कागद हातीं येतांच तो कोणत्या गांवच्या, कोणत्या घराण्याच्या व कोणत्या रुमालांतील आहे, आणि त्याच्या मागेंपुढें कोणते कागद होते, याची टिपणी वेगळ्या चिठ्ठीवर करून त्यासोबत ठेवावी. जमल्यास छायाचित्रहि घ्यावें. संग्रह उद्यां कोणाच्या हातीं जाईल हें आपल्या स्वाधीन नाहीं. ही चिठ्ठी लिहिणें मात्र खास आपल्या स्वाधीन आहे.