तीन दिवसांचा हंगाम : रेड स्नॅपर आणि समुद्रातली जुनी रेघ

१/
जून २०१७. मेक्सिकोच्या आखातात, अमेरिकी केंद्र सरकारच्या हद्दीतील पाण्यात, खासगी बोटीतून रेड स्नॅपर पकडणाऱ्या हौशी मासेमारांसाठी जाहीर झालेला हंगाम अवघा तीन दिवसांचा होता. त्याच वर्षी टेक्सस राज्याच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात तोच मासा ३६५ दिवस पकडता येत होता.

२/
रेड स्नॅपर हा आपल्याकडच्या तांबोशीच्या कुळातला. पन्नास वर्षांहून अधिक जगू शकणारा हा मासा १९८० च्या दशकाअखेर अतिमासेमारीने खालावला होता. कोळंबीच्या जाळ्यांत सापडून मरणारी त्याची पिल्लेही पुष्कळ. बंधने येणे अटळ होते. ती कोणी घालायची, हा वाद होता.

३/
या वादाचे मूळ माशांच्या नव्हे, तेलाच्या इतिहासात आहे. १८३६ मध्ये मेक्सिकोपासून फुटून निघालेल्या टेक्सस प्रजासत्ताकाने आपली सागरी सीमा किनाऱ्यापासून तीन लीग, म्हणजे नऊ सागरी मैल, ठरवली. विसाव्या शतकात समुद्रतळाशी तेल सापडल्यावर मालकीचा तंटा पेटला. १९५३ च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा तळ राज्यांना मिळाला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सस आणि आखाताच्या बाजूने फ्लोरिडा यांना नऊ मैल मान्य केले. लुईझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा यांच्या वाट्याला तीनच आले.

४/
१९७६ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने या रेघेपलीकडचे, २०० मैलांपर्यंतचे पाणी केंद्राच्या नियंत्रणाखाली आणले. (भारताच्या राज्यघटनेतही मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत, तर प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघसूचीत आहे.)

५/
खरी मेख वाटपात होती. आखातासाठी स्नॅपरचा वार्षिक कोटा एकच. त्यातला ५१ टक्के व्यावसायिकांचा, ४९ टक्के हौशींचा. २००७ पासून प्रत्येक व्यावसायिकाचा हिस्सा ठरलेला होता. हौशी मासेमार मात्र असंख्य, आणि त्यांनी किती मासे नेले याचा केवळ अंदाज बांधला जाई. म्हणून केंद्र आधी राज्यांच्या पाण्यातील संभाव्य पकड वजा करी आणि उरलेल्या कोट्यात किती दिवस बसतात ते पाही. म्हणजे राज्यांनी आपला हंगाम वाढवला की केंद्राचा आपोआप आखडे.

६/
त्यातच संवर्धनाला यश आले आणि विचित्र पेच उभा राहिला. मासे वाढले, वजनदार झाले, सहज गळाला लागू लागले. वजनावर मोजलेला कोटा त्यामुळे अधिकच लवकर संपू लागला. २००७ मध्ये १९४ दिवसांचा असलेला हंगाम २००८ मध्ये ६५ दिवसांवर आला, २०१२ मध्ये ४६ वर. किनाऱ्यावरच्या माणसाला हे पटणे अवघडच होते: समुद्रात मासे दिसतात आणि सरकार सांगते, पकडू नका.

७/
राज्ये आपापले हंगाम वाढवत गेली. २०१३ मध्ये केंद्राने अशा राज्यांसमोरील आपल्या पाण्यातला हंगाम आणखी छाटण्याचा नियम केला. टेक्सस आणि लुईझियाना न्यायालयात गेले आणि नियम रद्द झाला. पुढच्याच वर्षी व्यावसायिक मासेमारांनी दुसऱ्या बाजूने दावा जिंकला: हौशींना कोट्यात ठेवण्यात सरकार अपयशी ठरले, असा निर्णय आला. परिणाम, २०१४ चा हंगाम ९ दिवसांचा.

८/
डिसेंबर २०१५ मध्ये काँग्रेसने अर्थसंकल्पी कायद्यात एक कलम घातले आणि लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा यांनाही प्रवाळभित्तीच्या माशांपुरते नऊ मैल दिले. तेलाच्या खटल्यात जे मिळाले नव्हते, ते माशांसाठी मिळाले.

९/
२०१७ च्या त्या तीन दिवसांना वाणिज्य खात्याने जूनच्या मध्यास आणखी ३९ दिवस जोडले. कोटा ओलांडला जाईल आणि साठा पूर्ववत होण्यास सहा वर्षांपर्यंत विलंब होऊ शकतो, हे सरकारच्याच अधिसूचनेत नमूद होते. कायद्याने घातलेली मर्यादा जाणूनबुजून मोडण्याची ही कबुलीच होती. पर्यावरण संस्थांनी दावा लावला, यात नवल नाही.

१०/
२०१८ पासून पाचही राज्यांना प्रायोगिक परवाने मिळाले. २०२० मध्ये व्यवस्था कायम झाली: खासगी बोटींचा हंगाम राज्याने ठरवायचा, एकूण कोटा केंद्राने.

११/
तंटा मिटला नाही, त्याची जागा बदलली. आता प्रश्न आला मोजणीचा. २०२१ मध्ये काँग्रेसच्या निधीतून झालेल्या स्वतंत्र गणनेने आखातात सुमारे ११ कोटी स्नॅपर असल्याचा अंदाज दिला. पूर्वीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट. दुसरीकडे अलाबामा आणि मिसिसिपी यांची स्वतःची पकड-नोंद केंद्राच्या आकड्यांपेक्षा बरीच कमी येत होती. दोन्ही मोजमापे जुळवण्यासाठी केंद्राने गुणक लावला आणि २०२३ पासून या दोन राज्यांचे कोटे कापले गेले.