सुटा भाग मिळेल का?

मंडळी, परवा आमच्याकडे एक गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत ते असतात. पिशवीतून त्यांनी एक लॅपटॉप काढून माझ्यापुढे ठेवला. सहा वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो शाळेला दिलेला. वीज असली तर चालतो, वीज गेली की डोळे मिटतो. पडद्याची एक बिजागरी तुटलेली, म्हणून तिला सुतळीने बांधलेले.

"सेवा केंद्रात जाऊन आलो," गुरुजी म्हणाले. "त्यांनी खालचा नंबर बघितला आणि सांगितलं, हमीची मुदत केव्हाच संपली, मॉडेलही बंद झालं, बॅटरी आता येत नाही, नवीन घ्या. अहो, आमच्या वडिलांचं ऑइल इंजिन ३५ वर्षांचं आहे. त्याची पिस्टन रिंग अजून तालुक्याला मिळते. मग ह्यालाच काय झालं?"

प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र थोडे लांबचे आहे. त्यासाठी आपल्याला दोनअडीचशे वर्षे मागे जावे लागेल.

आधी आपल्याच गावातली जुनी तऱ्हा आठवा. बैलगाडीच्या चाकाचा आरा मोडला, तर तो कुठल्या दुकानात मिळत नसे. सुतार चाक पुढ्यात घेई, तुंब्यातली खाच बघे, बाभळीचा तुकडा तासून त्या खाचेत घट्ट बसेल एवढा करी, की काम झाले. तोच आरा शेजाऱ्याच्या गाडीला बसला असता का? बहुधा नाहीच. पण त्याची गरजही नव्हती, कारण घडवणारा हात गावातच होता. प्रत्येक वस्तूचे माप निराळे, आणि दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर, असा तो व्यवहार होता.

युरोपातल्या बंदुकाही अशाच घडत. एका बंदुकीची कळ दुसरीला बसत नसे; प्रत्येक कळ कानशीने घासून तिच्या तिच्या जागी बसवलेली. गावात हे चालते. पण लढाईच्या मैदानावर कळ मोडली, तर कानस घेऊन बसायला वेळ कोणाला? ती बंदूक म्हणजे लाकडाचा दांडका. सुट्या भागांचा विचार पहिल्यांदा नेटाने झाला तो ह्या अडचणीतून. गोष्ट अभिमानाची नाही, पण खरी आहे.

फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लां नावाचा एक कारागीर होता. १७८५ साली त्याच्या कारखान्यात एक परदेशी पाहुणा गेला. तो म्हणजे अमेरिकेचा तेव्हाचा पॅरिसमधला वकील, आणि पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला टॉमस जेफरसन. ब्लांने ५० कळी सुट्या करून, त्यांचे तुकडे खणाखणांत लावून त्याच्यापुढे ठेवले. जेफरसनने हाताला येईल तो तुकडा उचलला, स्वतः कित्येक कळी जुळवल्या, आणि त्या बरोबर बसल्या! ही बातमी त्याने लगेच पत्राने मायदेशी कळवली.

पुढची गोष्ट शिक्षकमंडळींनी मुद्दाम लक्षात घ्यावी. कित्येक पुस्तकांत सुट्या भागांचे श्रेय एली व्हिटनी ह्या अमेरिकन गृहस्थाला दिलेले असते. त्याने १७९८ साली सरकारकडून १०,००० बंदुकांचे कंत्राट घेतले. दोन वर्षांची मुदत होती, काम पुरे व्हायला १८०९ साल उजाडले. मधे १८०१ साली त्याने बड्या मंडळींपुढे भाग मिसळून कळी जोडून दाखवल्या आणि वाहवा मिळवली. पण त्याच्या उरलेल्या बंदुका पुढे अभ्यासकांनी उघडून पाहिल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीला धड बसेनात. म्हणजे प्रयोग झाला तो दाखवण्यापुरता. खरे काम केले ते हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत जॉन हॉल ह्याने. प्रत्येक तुकड्यासाठी त्याने पोलादी मापे केली. तुकडा मापात बसला तर ठेवायचा, नाही तर टाकायचा. १८२० च्या दशकाच्या अखेरीला त्याच्या रायफली सुट्या करून, भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडण्यात आल्या, आणि त्या जुळल्या. ह्याला वर्षे लागली, पैसा तर अतोनात लागला. सरकारी तिजोरी पाठीशी नसती तर हे तेव्हा घडलेच नसते, असे मला वाटते.

बंदुकीतून ही रीत शिवणयंत्रात आली, सायकलीत आली, आणि १९०८ सालापासून फोर्डच्या मोटारीत आली. तो सगळा प्रवास इथे सांगत बसत नाही. पण इंग्लंडातल्या एका माणसाला विसरून चालणार नाही. त्याचे नाव जोसेफ व्हिटवर्थ. त्या काळी प्रत्येक कारखान्याच्या बोल्टाचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढेल तर शपथ. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेऊन सरासरी काढली, आणि १८४१ साली सांगितले की आट्याचा कोन ५५ अंश असावा, अमुक जाडीला इंचात अमुक आटे असावेत. रेल्वेने ते उचलले आणि मग सगळ्यांनीच उचलले. आपल्या घरच्या नळाच्या पाइपाला आजही ५५ अंशांचेच आटे असतात. म्हणून तर अर्ध्या इंची नळ कोल्हापुरात घ्या की नांदेडात, तो घरच्या पाइपाला बसतो.

म्हणजे पाहा, सुतार गावातून गेला, कारखाना दूर गेला, तरी आपले अडले नाही. कारण माप सगळ्यांना ठाऊक होते. गुरुजींच्या इंजिनाची रिंग तालुक्याला मिळते ती ह्याच पुण्याईने. मूळ कंपनीने ती केली नाही तरी दुसरा कोणी करतो.

पण माप ठाऊक असणे आणि ते वापरू देणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही दुसरी गोष्ट संगणकाच्या इतिहासात फार चांगली दिसते. अमेरिकेतली आयबीएम कंपनी एके काळी आपली हिशेबाची यंत्रे विकतच नसे, भाड्याने देई. दुरुस्तीही तिचीच माणसे करीत. बाहेरच्या कारागिराला भाग मिळायचे कसे? १९५२ साली अमेरिकन सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. १९५६ साली समेट झाला आणि तो न्यायालयाच्या हुकुमात उतरला: यंत्रे विकतही द्यायची, आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग व माहिती पुरवायची. सुटा भाग मिळणे ही विक्रेत्याची मेहेरबानी नव्हे, हे तिथे कागदावर आले.

त्याच कंपनीने १९८१ च्या ऑगस्टात टेबलावरचा छोटा संगणक काढला. घाई होती, म्हणून बहुतेक भाग बाजारातूनच घेतले, आणि त्याच्या विद्युतजोडणीचे नकाशे छापून पुस्तकरूपाने विकायला ठेवले. लवकरच दुसऱ्या कंपन्यांनी तसेच संगणक काढले. टेबलावरच्या संगणकाचे भाग आज कुठल्याही शहरात मिळतात, त्याचे मूळ इथे आहे. १९९५ साली इंटेल कंपनीने त्यातल्या मुख्य पाटीचे, म्हणजे मदरबोर्डचे, माप ठरवून दिले, आणि त्या मापाचा वीजपुरवठ्याचा डबा आजही बाजारात मिळतो.

मग लॅपटॉपचे काय बिघडले? बिघडवले ते त्याच्या बारीकपणाने. दप्तरात मावायचे तर आतली मदरबोर्ड प्रत्येक कंपनीने आपापल्या पेटीच्या आकारात कापली. बिजागरी, चार्जिंगचे तोंड, कळफलक, सारे त्या त्या पेटीपुरते. स्मरणशक्तीच्या पट्ट्या आणि अडीच इंची डिस्क एवढे मात्र बराच काळ सगळ्यांचे सारखे राहिले.

बॅटरीची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात ड्युरासेल कंपनीने ठरावीक मापाच्या लॅपटॉप-बॅटऱ्या काढल्या. टॉर्चचे सेल जसे कोणत्याही टॉर्चला चालतात, तसे काहीसे व्हावे ही कल्पना. काही कंपन्यांनी त्या वापरल्याही. इंटेलबरोबर मिळून तिने १९९५ साली 'स्मार्ट बॅटरी'चे नियमही छापले. बॅटरीने यंत्राला आपली शिल्लक कशी सांगावी, किती वीज मागावी, ह्याचे ते नियम. पुढे काय झाले? सारखे माप मागे पडले. प्रत्येक कंपनीने आपला डबा निराळा केला. बॅटरीचे यंत्राशी बोलणे मात्र टिकले, आणि काही कंपन्यांनी त्या बोलण्यात एक प्रश्न वाढवला: तू आमच्याच घरची ना? उत्तर चुकले, तर बॅटरी चांगली असूनही यंत्र तिला चार्ज करीत नाही.

गंमत अशी की डबा फोडला, तर पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत आत सेल मात्र एकाच जातीचे निघत. त्यांना १८६५० म्हणतात; माप नावातच आहे, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. म्हणजे पोटातला दाणा सगळ्यांचा सारखा, टरफल तेवढे निराळे. (घरी डबा फोडून बघू नका हो. हे सेल पेट घेतात. बॅटरी फुगली असेल तर ती टोचू नये, दाबू नये. यंत्र बंद करून जाणकाराकडे द्यावी.)

नंतर लॅपटॉप आणखी बारीक झाले. २०१२ साली ॲपल कंपनीने काढलेल्या एका नमुन्यात स्मरणशक्ती मदरबोर्डला डाखाने पक्की केली होती आणि बॅटरी गोंदाने चिकटवली होती. ती वाट मग अनेकांनी धरली. म्हणजे आपण फिरून बैलगाडीच्या चाकाशी आलो. एकाचा आरा दुसऱ्याला बसत नाही; आणि ह्या वेळी सुतारही गावात नाही.

तरी भाग मिळतात, आणि ते कसे मिळतात हेही एक शास्त्र झाले आहे. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. भडकमकर मार्ग, दिल्लीचे नेहरू प्लेस, पुण्यातली तपकीर गल्ली ही त्याची पेठ. मोठ्या कचेऱ्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात. त्यांतले चांगले पुन्हा विकले जातात, आणि उरलेल्यांच्या अंगावरून पडदे, बिजागऱ्या, कळफलक निघतात. पण तिथे जाऊन नुसते कंपनीचे नाव सांगून भागत नाही. मॉडेलच्या नावानेही फसायला होते, कारण एकाच नावाखाली दोन तऱ्हांचे भाग असतात. जुना भाग बाहेर काढून त्याच्याच पाठीवरचा नंबर वाचावा लागतो. बॅटरीचा नंबर बॅटरीवर, पडद्याचा पडद्यामागे. बॅटरीचे व्होल्ट जुळले पाहिजेत, पडद्याच्या वायरीच्या टाचण्या ३० की ४० हे मोजले पाहिजे. नकली माल पुष्कळ असतो; अगदी स्वस्त बॅटरी घेणारा बहुधा दोनदा घेतो.

कायदा काय करतो, असे गुरुजींनी विचारले. आपल्याकडे २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला होता. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग आणि माहिती मिळू देत नाहीत, म्हणून. अपिलात काहींचा दंड पुढे कमी झाला. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला एक संकेतस्थळ उघडले. मोबाइल, मोटारी, घरगुती यंत्रे ह्यांच्या जोडीने शेतीची अवजारेही त्या विचारात आहेत. पण ती सोय आहे, सक्ती नव्हे. युरोपात पाऊल जास्त पुढे पडले. तिथल्या २०२३ सालच्या बॅटरी-कायद्याने १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख घातली आहे: लॅपटॉपसारख्या वस्तूची बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता-घालता आली पाहिजे, शेवटचा नग बाजारात आल्यापासून निदान पाच वर्षे ती मिळाली पाहिजे, आणि जुळणारी दुसरी बॅटरी सॉफ्टवेअरने अडवता कामा नये. म्हणजे 'आमच्याच घरची ना' हा प्रश्न तिथे बेकायदा ठरला.

आता गुरुजींच्या यंत्राचे सांगतो. पाठीचे स्क्रू काढून आम्ही बॅटरी बाहेर घेतली, भिंग लावून तिच्यावरचा नंबर वाचला आणि वहीत उतरला. गुरुजींचा भाचा मुंबईला असतो. त्याला तो कळवला. त्याने तीन दुकाने हिंडून त्याच नंबरची बॅटरी मिळवली, एका मोडीत निघालेल्या यंत्रातली. ती चढवली. यंत्राने तिला ओळखले. वीज नसताना दीड तास चालते, आणि शाळेचे तेवढ्यात भागते. नंबराचा कागद गुरुजींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे. बिजागरीला मात्र अजून सुतळीच आहे. तिच्यावरचा नंबर तुटलेल्या तुकड्याबरोबर गेला.