निर्बंधांचं व्याज

मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिका-जपानने मदत रोखली. जागतिक बँकेची नवी कर्जंही अडकली. हिशोब सरळ होता: पैसा आटला की भारत अणुबॉम्बचा नाद सोडेल.

उत्तर निघालं आपल्या नरिमन पॉइंटवरून! ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने परदेशातल्या भारतीयांसाठी 'रिसर्जंट इंडिया बॉन्ड्स' काढले आणि सुमारे ४.२ अब्ज डॉलर जमले. देशप्रेम? होतंच की. पण डॉलरवर ७.७५ टक्के व्याजही होतं, अमेरिकन सरकारी रोख्यांपेक्षा चांगलंच जास्त. ती किंमत पाच वर्षं आपणच मोजली.

२००१ मध्ये अमेरिकेने बहुतेक निर्बंध उठवले. बॉम्ब जागेवरच! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, समोरच्याकडे बॅकअप असेल, अगदी महागडा का असेना, तर सर्व्हर बंद करायच्या धमकीला तो भीक घालत नाही.