जास्तीचं ताट

पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री पहिली चांदणी दिसली की घरातले सगळे पापडासारखी पातळ 'ओप्वातेक' एकमेकांबरोबर मोडून खातात आणि जेवायला बसतात. टेबलावर एक ताट जास्तीचं असतं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी.

ही प्रथा पाळणारी माणसं आपल्या कोल्हापूरजवळ राहून गेलीत, माहीत होतं? १९४३ ते १९४८, वळिवडे छावणीत सुमारे ५००० पोलिश निर्वासित होते. बहुतेक बायका-मुलंच. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरिया-कझाकस्तानात हाकललं होतं. तिथून १९४२ मध्ये इराणमार्गे सुटका. कुणाचे वडील युद्धावर, कुणाची आई वाटेतच गेलेली.

अशा घरात ते ताट कुणासाठी मांडायचं? न परतलेल्या माणसासाठीच ना! आणि गंमत बघा, कोल्हापूरसाठी अवचित आलेले पाहुणे तर तेच होते.